सतरा यांच्या वाट्याला होता

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचं आकड्यांवरून कधी वाजलं नव्हतं. भाजीतलं मीठ, पंख्याचा वेग, गावाकडच्या बारशाला कुणी जायचं, यावरून रोज वाजायचं. मी तोंडाची फटकळ आहे, हे मला माहेरीही ऐकवलंय आणि सासरीही. पण संध्याकाळी चहाचे कप बाजूला सारले आणि पाठकोरे कागद पुढ्यात घेतले, की आम्ही दोघं गुण्यागोविंदानं बसायचो. त्यामुळे आकड्यांमध्येच माझा केसानं गळा कापला गेला, तेव्हा मला काही वेळ कळेचना की आता ओरडायचं कशावरून.

आम्ही दोघंही साताऱ्याकडचे. हे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बॉयलर सांभाळतात, पाळ्यांमध्ये. मी बोईसरच्या एका शाळेत मराठी माध्यमाच्या मुलांना गणित शिकवायचे. नवीन लग्न झालं तेव्हा आमच्याकडे एक खोली होती, टीव्ही नव्हता आणि ओळखीचं कुणी नव्हतं. आजूबाजूला सगळे हिंदी बोलणारे. एकदा लाईट गेली असताना मी सहज कॅलेंडरच्या मागे यांना लिहून दाखवलं. म्हटलं, हे एकतीस. मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडली तर कुणीच तिला पुरती भागत नाही. आता तिच्या डाव्या हाताला एक तीन लिहा. तीनशे एकतीस. तीही मूळ. अजून एक तीन लिहा, तीन हजार तीनशे एकतीस. तीही मूळ.

हे म्हणाले, "मग पुढची?"

नवरा म्हणून हे पसंत पडले होतेच, पण "मग पुढची?" म्हणाले तेव्हा मला आवडले. डिप्लोमा केलेला माणूस, भागाकार माझ्यापेक्षा झरझर करायचा. तेहेतीस हजारवाली केली, तीन लाखवाली केली. लेक पोटात होती तेव्हा तेहेतीस लाखवाली झाली. मग तीन कोटी तेहेतीस लाख तेहेतीस हजार तीनशे एकतीस. तिला फार वर्षं लागली, कारण मध्ये लेकीच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, सगळंच. पण तीही मूळ निघाली, आणि त्या दिवशी आम्ही पालघरला जाऊन जेवून आलो. लेकीनं विचारलं, कशाचं सेलिब्रेशन? हे म्हणाले, तुझ्या आईच्या आकड्याचा वाढदिवस.

आमची पद्धत अशी. कुठलीही संख्या मूळ आहे का बघायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्यापुढे जायची गरज नसते, कारण मोठा भाजक असेल तर त्याचा जोडीदार आधीच भेटलेला असतो. एकानेही पूर्ण भाग गेला की संपलं, ती मूळ नाही. तर हे भाजक आम्ही वाटून घ्यायचो. एक माझा, एक यांचा. सात माझा, अकरा यांचा, तेरा माझा, सतरा यांचा, असं पुढे. एकानं भागाकार संपवला की दुसऱ्यानं विचारायचं, "बाकी किती?" उत्तर आलं की माझ्या कागदावर त्या भाजकावर टिक. मोबाइलला विचारायचं नाही, हा नियम माझा. मोबाइल सांगतो क्षणात, पण मग आपण कशाला बसायचं? आणि दुसऱ्याच्या वाटच्या भाजकाला हात लावायचा नाही. हा नियम कुणी बोलून केला नव्हता. यांच्या भाजकानं मी परत भागून बघणं म्हणजे यांच्या ताटातली भाजी पुन्हा चाखून बघण्यासारखं झालं असतं. तसं कधी मनातही आलं नाही.

आता शाळेचं सांगते. इंग्रजी माध्यमाच्या तुकड्या वाढत गेल्या आणि आमचे वर्ग रिकामे होत गेले. शेवटी शेवटी माझ्या वर्गात बाकं जास्त आणि पोरं कमी होती. मग एका जूनमध्ये मराठी माध्यम बंदच झालं. मला म्हणाले, मॅडम, इंग्रजीतून शिकवाल का? मी म्हटलं, शिकवीन की, गणिताला कुठली भाषा? पण त्यांना तरुण मुलगी हवी होती, फाडफाड बोलणारी. निरोप समारंभाला शाल दिली, नारळ दिला. घरी आले आणि शाल कपाटात टाकली ती अजून तिथंच आहे.

त्यानंतर मी जी पडून राहिले, ते मलाच आठवायला नको वाटतं. भिंतीकडे तोंड करून पडायचं. कुणी फोन केला तर उचलायचा नाही. लेक नाशिकहून येऊन गेली, तिच्यावरही खेकसले. मला शाळेचं दुःख नव्हतं एवढं. मला असं वाटायला लागलं होतं की गणित माझं कधी नव्हतंच. ते शाळेचं होतं, पगाराबरोबर मिळालेलं, आणि शाळेबरोबर परत गेलं. आता मी नुसती घरी बसलेली बाई.

एका संध्याकाळी हे पहिल्या पाळीवरून आले, हातपाय धुतले आणि माझ्या पुढ्यात कागद ठेवला. त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं तेहेतीस कोटी तेहेतीस लाख तेहेतीस हजार तीनशे एकतीस. आठ वेळा तीन आणि शेवटी एक.

"मग पुढची?" म्हणाले.

मी उठून बसले. म्हटलं, "अहो, हिला अठरा हजारांच्या पुढपर्यंत भागावं लागेल. दोन हजारांवर भाजक होतील."

"मग होऊ देत. तुला कुठं जायचंय?"

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर डोक्यात तिडीक गेली असती. यांनी म्हटलं म्हणून मी हसले. म्हटलं, देव तरी तेहेतीस कोटीच, आपली बाई त्यांच्याही वर गेली. तेव्हापासून तिचं नावच तेहेतीस कोटीवाली पडलं. अंकांची बेरीज पंचवीस, म्हणजे तीननं जाणार नाही. दोन आणि पाचचा प्रश्नच नाही. मी सातनं भागलं. बाकी फक्त दोन. यांनी अकरानं भागलं, बाकी एक. मी तेरानं, बाकी सहा. मग हे सतराला बसले. जरा वेळ लावला. मी विचारलं, "बाकी किती?" यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि म्हणाले, "पाच."

मला वाटलं, पाळीवरून आलेत, दमलेत. सतरावर टिक केली आणि एकोणीस घेतला.

पुढे सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा, आणि दिवाळी उलटून गेली तरी मी भागत होते. सकाळी पोळ्या लाटून झाल्या की बसायचे, दुपारी डुलकी काढण्याऐवजी बसायचे, संध्याकाळी यांच्याबरोबर बसायचे. दारावर मासे घेऊन येणारी मावशी टोपली उतरवता उतरवता म्हणायची, "बाय, अजून हायच का तुमचा हिशोब? आमी आपले वाटे लावतो नि मोकळं व्हतो." शेजारणीला तर बरेच दिवस वाटायचं की मी मटक्याचा आकडा काढते. एकदा हळूच विचारून गेली, आज काय येईल? मी म्हटलं, आलं तर तुम्हालाच पहिल्यांदा सांगते.

मला एक गोष्ट इथं स्पष्ट सांगायची आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ही साखळी कुठंतरी तुटणार, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. अहो, मी गणिताची बाई आहे. पंधरा तीन ओळीनं लिहिले की त्या संख्येला एकतीसनं पूर्ण भाग जातो. मग त्या पंधरा तिनांच्या उजव्या हाताला आपलं मूळचं एकतीस लिहिलं, तर सगळ्यालाच एकतीसनं भाग जाणार. म्हणजे साखळी त्याच्या आधी किंवा तिथं तुटणारच. प्रश्न एवढाच होता की कुठं. तेहेतीस कोटीवालीवर तुटली असती तर मी घरभर नाचले असते! भाजक सापडणं म्हणजे हरणं नव्हे. ते सापडणं असतं. ती मूळच असावी असा माझा हट्ट नव्हता, मला ती जशी असेल तशी कळायला हवी होती, आणि ती मी शोधलेली असायला हवी होती. शाळेनं काढून टाकल्यावरसुद्धा गणित माझं आहे, हे मला एकदा चारचौघांत उभं राहून म्हणायचं होतं. बाकी काही नको होतं मला.

हे सगळं मी यांना सांगितलं होतं का? हो, सांगितलं होतं. कितीदा तरी. हे मान हलवायचे.

एकदा यांच्याकडे त्र्याहत्तर होता. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. मी विचारलं, "बाकी किती?" हे म्हणाले, "ऐंशी." मी पोट धरून हसले. म्हटलं, "अहो, त्र्याहत्तरनं भागून बाकी ऐंशी? बाकी भाजकापेक्षा मोठी? चौथीतलं पोरगंसुद्धा असं सांगत नाही." हे ओशाळले, "थांब, परत करतो," म्हणाले, आणि थोड्या वेळानं दुसरीच काहीतरी बाकी सांगितली. मी टिक केली. त्यावरून यांना आठवडाभर चिडवत होते. ऐंशीवाले म्हणायचे.

थंडी पडली तेव्हा माझे भाजक संपले. यांचे दोन दिवस आधीच संपले होते. एकानेही भाग गेला नव्हता. मी कपाळाला हात लावून बसले, म्हटलं, "अहो, मूळ आहे! तेहेतीस कोटीवाली मूळ आहे!" यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, भरून आलंय.

पालघरला एका शाळेत गणिताच्या शिक्षकांची महिन्याला बैठक भरते. माझ्या जुन्या मैत्रिणीनं मला कित्येकदा बोलावलं होतं, पण शाळा गेल्यापासून माझा पाय वळत नव्हता. आता मीच फोन केला. म्हटलं, मला पंधरा मिनिटं द्या, एक संख्या दाखवायची आहे. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "कशाला गं? घरातल्या घरात छान आहे की." मी म्हटलं, "घरातल्या घरात पुरे झालं." मग म्हणाले, रविवारी पाळी आहे. मी म्हटलं, बदलून घ्या, निम्मे भाजक तुमचे आहेत, तुम्ही हवेतच. हे बरेच दिवस मागे लागले होते की लेखी देऊन टाक, जाऊ नकोस, तुला घसा दुखतोय. मला त्या काळजीचं कौतुक वाटलं. काय म्हणावं मला!

निळी साडी नेसले. स्कूटरवरून गेलो. वर्गात वीसेक शिक्षक होते, बरेचसे तरुण, काही माझ्याकडे शिकून गेलेले. हे शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी फळ्यावर खालून वर साखळी लिहिली, एकतीसपासून सुरुवात करून. फळ्यावर तिनांचा जिना झाला. खडू हातात घेतल्यावर माझा आवाज माझा मलाच ओळखू आला. वर्गमूळ समजावलं, वाटणी समजावली, एकमेकांना बाकी विचारायची आमची रीत सांगितली. सगळे हसले. मागे वळून म्हटलं, "निम्मं श्रेय त्या शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याचं." टाळ्या पडल्या. हे बाकाच्या लाकडाकडे बघत होते.

पुढच्या बाकावर एक तरुण शिक्षिका मोबाइल धरून व्हिडिओ घेत होती. म्हणाली, "मॅडम, एखादा भागाकार पूर्ण करून दाखवा ना, मुलांना दाखवीन. सतरानं करा. पोरांना सतराचा पाढाच येत नाही."

मी म्हटलं, "सतरा यांच्या वाट्याला होता." आणि हाक मारली, "अहो, या पुढे. तुम्हीच दाखवा."

हे उठले. पण पुढे नाही आले. "गाडी रस्त्यात लागलीय बहुतेक, बघून येतो," म्हणाले आणि दाराबाहेर गेले. गाडी आम्ही दोघांनी मिळून झाडाखाली नीट लावली होती.

पोरगी मोबाइल धरून उभी. मी फळ्याकडे वळले. तेहेतीसात सतरा एकदा, बाकी सोळा. तीन खाली. एकशे त्रेसष्टात नऊदा, बाकी दहा. एकशे तीनात सहादा, बाकी एक. तेरात जात नाही, वर शून्य. एकशे तेहेतीसात सातदा, बाकी चौदा. एकशे त्रेचाळीसात आठदा, बाकी सात. त्र्याहत्तरात चारदा, बाकी पाच.

पाच. यांनी सांगितलेली बाकी. जिवात जीव आला. पण शेवटचा एक अजून खाली यायचा होता. तो आणला. एकावन्न.

सतरा त्रिक एकावन्न. वर्गातल्या दोघातिघांनी तर पाढ्याच्या सुरात म्हटलंसुद्धा.

फळ्यावर खाली शून्य होतं आणि वर एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. त्या पोरीनं व्हिडिओ बंद केला. भली पोरगी, तिनं लगेच बंद केला. कुणीतरी म्हणालं, मॅडम, होतं असं. माझ्या मैत्रिणीनं पाण्याचा ग्लास आणला. मी म्हटलं, "म्हणजे साखळी इथं तुटते. लिहून घ्या." आणि खडू ठेवला. बोटांना लागलेली खडूची पूड मी त्या निळ्या साडीलाच पुसली.

बाहेर हे स्कूटरला टेकून उभे होते. मला बघितल्यावर यांनी हेल्मेट घातलं. मी मागे बसले. कोळगाव आलं, कलेक्टर ऑफिसच्या त्या मोठ्या इमारती मागे पडल्या. रोज मी यांच्या खांद्यावर हात ठेवून बसते. त्या दिवशी मागची पट्टी धरली. उमरोळीच्या अलीकडे मी म्हटलं, "थांबवा."

यांनी गाडी बाजूला घेतली. शेजारी शेत होतं, कापून गेलेलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," हे म्हणाले. "सतरानं भागलं तेव्हाच."

"आणि पाच?"

"समोर कागदावर होता शेवटून दुसरा. तोच सांगितला."

"आणि पुढचे? तेवीस, एकतीस, एक्केचाळीस... हजारभर भाजक होते तुमच्याकडे!"

"पुढचे कुठं केले? त्याचा काय उपयोग होता? आकडा तर संपलाच होता."

"मग रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून लिहायचात काय?"

"काहीतरी गिरवायचो."

"आणि त्या बाक्या?"

हे खाली बघत म्हणाले, "मनाला येईल ती सांगायचो."

मनाला येईल ती! मी एकेका बाकीसाठी दुपार घालवली. चूक झाली तर अख्खा कागद टाकून परत केलं. बोटाला घट्टा पडला पेनाचा. आणि हा माणूस समोर बसून मनाला येईल ती बाकी सांगत होता, आणि मी टिक करत होते. भाजीवाल्यानं मापात मारलं तर मी भर बाजारात त्याचं तोंड बंद करते. माझ्याच घरात, माझ्याच चहाच्या कपाशेजारी, माझ्याच गणितात मला फसवलं गेलं, आणि मी हसत होते.

"का?" एवढंच म्हटलं.

"अगं, तू किती महिन्यांनी हसली होतीस त्या दिवशी. तेहेतीस कोटी देवांवरून. सतरानं गेला असं सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी खेळ संपला असता. परत भिंतीकडे तोंड करून पडली असतीस. माझ्याच्यानं बघवत नव्हतं ते."

"खेळ?"

"म्हणजे तसं नाही..."

"रडणाऱ्या पोरीच्या हातात खुळखुळा देतात, तसा दिलात मला! आणि मी वाजवत बसले वर्षभर! अहो, सतरा सापडला असता तर मी उड्या मारल्या असत्या. तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं? साखळी कुठं तुटते तेच शोधत होते मी. ती जागा तुम्हाला पहिल्याच दिवशी सापडली, आणि तुम्ही ती खिशात घालून बसलात. आणि वर मला चारचौघांत फळ्यासमोर उभं राहू दिलंत."

"मी नको जाऊस म्हणत होतो."

"घसा दुखतोय म्हणून! सतरानं जातो म्हणून नाही!"

"चुकलं माझं," हे म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते. आणि त्याचाच मला जास्त राग आला, कारण आता मला त्यांची समजूत काढायची पाळी येणार होती. मी नाही काढली. मी म्हटलं, "चला, घरी चला."

घरी आल्यावर मी जे बोलले ते शेजारणीनं भिंतीपलीकडून ऐकलं असणार. ऐकू दे. लेकीला फोन करून सांगितलं तर ती म्हणते, "आई, किती गोड आहेत बाबा!" नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, तुझं नशीब थोर, इतका जीव लावणारा नवरा कुणाला मिळतो?" ज्याला त्याला यांचा जीव दिसला. माझे हजारभर भागाकार कुणाला दिसले नाहीत. त्यातला एकही चुकलेला नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. सातनं भागून दोनच उरतात, एकोणीसनं भागून दहाच. ते खरे आहेत. फक्त कुणाला नको होते, एवढंच.

काही दिवसांनी राग जरा निवळला तेव्हा मी एक शोधून काढलं. सतरा या साखळीत परत परत येतो, दर सोळा घरांनी. आपल्या तेहेतीस कोटीवालीच्या डाव्या हाताला अजून सोळा तीन लावले की पुन्हा सतरानं भाग जातो, मग पुन्हा सोळा लावले की पुन्हा. कागदावर सिद्ध केलं आणि मला फार बरं वाटलं. सवयीनं तोंडातून "अहो" बाहेर पडलं. हे लगबगीनं आले. मी म्हटलं, काही नाही, गॅस बंद करा.

पण एक किडा डोक्यातून जाईना. या एकाच संख्येत लबाडी केली, की आधीपासून? तीन कोटीवालीचं काय? जिच्यासाठी आम्ही पालघरला जेवायला गेलो, ती? तिचेही निम्मे भाजक यांच्याकडे होते. विचारलं तर यांनी आईची शपथ घेतली. "ती खरी केली गं. प्रत्येक भागाकार केला." तोंडावर खरेपणा होता. पण "पाच" म्हणताना काय कमी होता?

ती मूळ आहे का, हे मोबाइल क्षणात सांगेल, मला माहीत आहे. पण ते मला विचारायचंच नव्हतं. हा माणूस त्या वर्षांमध्ये माझ्यासमोर बसून खरंच भागत होता की नाही, ते मोबाइलला ठाऊक नाही. ते भागून बघितल्यानंही कळणार नाही, हेही मला कळतं. तरी मी बसले. रविवारी सकाळी पाठकोरे कागद काढले, तीन कोटीवाली वर लिहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा यांच्या वाटच्या भाजकाला हात लावला. अकरा.

हे स्वयंपाकघरात होते. त्या दिवसापासून चहा हेच करतात. पातेल्यात पाणी ओतता ओतता यांनी आतून विचारलं, "बसलीस का? छान. कितीनं चाललंय?"

"अकरानं."

"बाकी किती?" यांनी विचारलं. अगदी पूर्वीसारखं, त्याच सुरात.

माझ्या कागदावर नऊ होते. मी नीट दोनदा बघितले. आणि मी म्हटलं, "चौदा."

मी पेन खाली ठेवलं आणि वाट बघितली. आता हसतील. आता म्हणतील, अगं ऐंशीवाली, अकरानं भागून बाकी चौदा? चौथीतलं पोरगंसुद्धा असं सांगत नाही. एवढं म्हणाले असते ना, तर मी सगळं सोडून दिलं असतं, देवाशप्पथ.

आत चहा उकळत होता. यांनी गाळणी शोधली, कप मांडले.

"बरं," हे म्हणाले, "म्हणजे जात नाही." आणि दोन्ही हातांत कप घेऊन बाहेर आले.